जुन्या हॉट रॉडचा इतिहास कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून येतात. कुणी शेजारच्या आजोबांची गाडी घेतलेली असते, कुणाच्या अमेरिकन सासऱ्यांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली एक धूड उभं असतं. उदाहरणं मुख्यतः १९३२ च्या फोर्डची दिली आहेत. हॉट रॉड म्हटलं की हीच गाडी सगळ्यात जास्त समोर येते आणि बनावटही हिच्याच सगळ्यात जास्त निघतात. कायद्याची माहिती कॅलिफोर्नियापुरती आहे, इतर राज्यांत नियम वेगळे असू शकतात.

१. हॉट रॉड म्हणजे नेमकं काय? साध्या जुन्या गाडीपेक्षा तिचा इतिहास शोधणं वेगळं का?

स्वस्तात मिळालेली जुनी गाडी, बहुधा फोर्ड, घ्यायची. मडगार्ड, बंपर, असेल नसेल ते वजन काढून टाकायचं, इंजिन तगडं करायचं किंवा दुसरंच बसवायचं आणि पळवायची. लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावे वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी, सपाट तळी आहेत. तिथे तरुण पोरं १९३० च्या दशकापासून शर्यती लावत होती. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना काढली. तिला सगळे एससीटीए म्हणतात आणि ती आजही चालू आहे.

साध्या जुन्या गाडीचं मूळ रूप कारखान्याच्या नोंदींत असतं. हॉट रॉड मात्र दुसऱ्यांदा जन्मते ती कुणाच्या तरी घरामागच्या गॅरेजात, आणि त्या जन्माचा दाखला कुठेच नसतो. चॅसी एका गाडीची, बॉडी दुसरीची, इंजिन तिसरीचं. त्यामुळे शोध गाडीपेक्षा माणसांचाच जास्त असतो.

२. सुरुवात कुठून करू?

ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्यापासून, आणि आजच. १९५० साली विशीत असलेला माणूस आज पंचाण्णवच्या आसपास असेल. कागद अजून दहा वर्षं थांबतील, माणसं थांबणार नाहीत. म्हणून मी नेहमी सांगतो, ग्रंथालय नंतर, फोन आधी.

विकणाऱ्याला 'गाडीचा इतिहास काय?' असं मोघम विचारू नका. 'तुम्ही घेतलीत तेव्हा रंग कुठला होता? इंजिन हेच होतं का? कुठल्या गावातून आणली? ट्रेलरवर की चालवत?' असे छोटे प्रश्न विचारा. माणसाला सन आठवत नाही, पण 'थोरली मुलगी झाली त्या उन्हाळ्यात' हे आठवतं. परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा. जुने फोटो मागताना गाडीचे मागू नका, घरचे मागा. लग्नाच्या, वाढदिवसाच्या फोटोत मागे गाडी उभी असते. त्या काळच्या बऱ्याच रंगीत फोटोंच्या पांढऱ्या कडेवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. मात्र ती तारीख फोटो धुतल्याची असते, काढल्याची नव्हे.

३. चॅसी नंबर कुठे शोधायचा?

१९३२ च्या फोर्डमध्ये तो चॅसीच्या डाव्या पट्टीवर, वरच्या अंगाला ठोकलेला असतो. एक जागा पुढे स्टीअरिंग बॉक्सजवळ असते, ती दिसू शकते. बाकीच्या जागा बॉडीखाली झाकलेल्या असतात, बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाहीत. व्ही-८ (आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या) गाडीचा नंबर १८ ने सुरू होतो आणि दोन्ही टोकांना तारा असतो. १८ पाहून लगेच '३२ ची गाडी' म्हणू नका, १९३३ आणि १९३४ च्या व्ही-८ गाड्यांनाही तेच १८ आहे.

गंज ग्राइंडरने उडवायचा नाही. तारेचा मऊ ब्रश, थोडं तेल आणि धीर. मग आपल्याकडे आरटीओसाठी काढतात तशी पेन्सिलीची प्रिंट काढा: पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासायची. फोटोत न दिसणारे आकडे पुष्कळदा या प्रिंटवर उमटतात. आकड्यांची उंची, ओळ आणि ठोक्याची खोली नीट बघा. कारखान्यातले आकडे हातानेच ठोकलेले, त्यामुळे थोडे वाकडेतिकडे असतात. अगदी सरळ रेषेत, गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर बसलेले आकडे दिसले की माझ्या मनात पाल चुकचुकते.

झाकलेला नंबर आणि दिसणारा नंबर वेगळे निघाले तर पाचवा प्रश्न वाचा.

४. हा नंबर फोर्ड कंपनीला कळवला तर पहिल्या मालकाचं नाव मिळेल का?

नाही. नंबरावरून गाडी साधारण कुठल्या महिन्यात बनली एवढं कळतं. मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला द हेन्री फोर्ड संग्रहालयाचं बेन्सन फोर्ड संशोधन केंद्र आहे. तिथे मूळ गाडीची चित्रं, कागद आणि तांत्रिक माहिती मिळते, गिऱ्हाइकाचं नाव नाही.

५. टायटलवरचा नंबर चॅसीशी जुळत नाही. गाडी चोरीची आहे का?

असेलच असं नाही. आज गाडीला १७ अक्षर-आकड्यांचा एकच नंबर असतो, पण ती पद्धत १९८१ पासूनची. त्याआधी कित्येक राज्यांत टायटल, म्हणजे मालकीचा कागद, इंजिनच्या नंबरावर निघायचा. कारखान्यातून निघताना इंजिनचा आणि चॅसीचा नंबर एकच असल्यामुळे तेव्हा अडचण नव्हती. पोराने १९४९ मध्ये मर्क्युरी या दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं की टायटलवर मर्क्युरीचा नंबर चढला. पुढे तेही इंजिन निघालं, शेवरले आलं, आणि कागदावर अशा इंजिनचा नंबर उरला जे भंगारात जाऊन साठ वर्षं झाली.

इतिहास शोधणाऱ्याला न जुळणारा नंबर हा धागाच असतो. टायटलवरच्या नंबराची घडण पाहून ते कुठल्या कंपनीचं, साधारण कुठल्या वर्षाचं इंजिन होतं हे काढता येतं. म्हणजे गाडीत एके काळी काय होतं ते कळलं.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हयगय करू नका. नंबर जुळवण्यासाठी स्वतः ठोकणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. कॅलिफोर्नियात डीएमव्ही (आपलं आरटीओ समजा) असं प्रकरण तपासणीसाठी हायवे पेट्रोलकडे पाठवते आणि गरज पडल्यास सरकारी नंबर देते. आधी वकिलाशी किंवा या कामातल्या जाणकाराशी बोला, मग गाडी तपासणीला न्या. गाडी अजून घेतली नसेल तर सगळे पैसे मोजण्याआधी हे उरकून घ्या.

६. डीएमव्हीकडून जुन्या मालकांची नावं मिळतील का?

हौसेखातर नाही. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने वाहनचालकांची खासगी माहिती देण्यावर बंधनं आली. 'मला फक्त इतिहास हवाय' हे कारण खिडकीवर चालत नाही.

मग गाडीतच शोधा. कॅलिफोर्नियात पूर्वी रजिस्ट्रेशनची चिठ्ठी छोट्या पाकिटात घालून स्टीअरिंगच्या दांड्यावर पट्ट्याने बांधायचे. ते पाकीट कधीकधी तसंच राहतं आणि आत नाव, पत्ता, वर्ष सगळं असतं. सीटखाली, दाराच्या पत्र्याच्या आत आणि डॅशबोर्डमधल्या खणामागे (ग्लव्ह बॉक्स) हात घालून बघा. जुन्या मालकाच्या घरच्यांना 'पिंक स्लिप आहे का?' असं विचारा. जुनं टायटल गुलाबी कागदाचं असायचं आणि लोक ते आठवण म्हणून जपतात.

७. काळी-पिवळी नंबर प्लेट आहे. त्यावरून काही ठरतं का?

ठरतं, पण सावधपणे. कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडी विकली तरी गाडीबरोबरच जाते. १९५१ मध्ये काळ्यावर पिवळी अक्षरं होती, १९५६ मध्ये पिवळ्यावर काळी, १९६३ मध्ये पुन्हा काळ्यावर पिवळी आणि दशकाच्या अखेरीस निळ्यावर पिवळी. १९६३ मध्ये चालू असलेल्या गाड्यांच्या प्लेटा बदलून दिल्या होत्या. म्हणून गाडीवर १९५६ ची पिवळी प्लेट मुळापासून असेल, तर ती १९६३ च्या आधीच रस्त्यावरून उतरली असा अंदाज बांधता येतो. प्लेटवरचं शेवटचं स्टिकर त्याला दुजोरा देतं.

आता अडचण. गाडीच्या वर्षाशी जुळणारी जुनी प्लेट विकत घेऊन अधिकृतपणे लावण्याची सोय कॅलिफोर्नियात आहे. शिवाय जुन्या धाटणीच्या काळ्या प्लेटा राज्य सरकार आता नव्या गाड्यांनाही विकतं. त्यामुळे नुसती काळी प्लेट पुरावा होत नाही. स्क्रूभोवतीचा गंज, प्लेटमागच्या पत्र्यावरचा न उडालेला रंग आणि जुन्या फोटोतला तोच नंबर, हे जुळलं तर पुरावा.

८. एक नाव आणि गाव मिळालं. आता तो माणूस शोधायचा कसा?

१९५० च्या जनगणनेची मूळ पानं ७२ वर्षांची मुदत संपल्यावर १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, व्यवसाय आणि बहुधा रस्ता व घरक्रमांकही आहे. गावाच्या ग्रंथालयात जुन्या सिटी डिरेक्टरी आणि हायस्कूलची वार्षिकं असतात. ऑटो शॉपच्या वर्गाचा फोटो आवर्जून बघा. कॅलिफोर्नियातली जुनी वर्तमानपत्रं कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शनमध्ये फुकट चाळता येतात. तिथे 'हॉट रॉड' शोधलंत तर पोलिसांनी पकडल्याच्या बातम्याच जास्त निघतील, आणि त्या सोन्यासारख्या आहेत: नाव, वय, पत्ता, रस्ता, कधीकधी गाडीचं वर्णनही.

माणूस वारला असेल तर मृत्युलेखात मुलं-नातवंडांची नावं मिळतात. इथे तारतम्य ठेवा. थेट दारात जाऊ नका, फोनही नको. एक पानी पत्र लिहा, सोबत गाडीचा फोटो घाला आणि 'गाडी परत मागायला किंवा काही विकायला आलेलो नाही' हे पहिल्याच ओळींत सांगा. उत्तर आलं नाही तर काही महिन्यांनी एकदाच आठवण करा, मग सोडून द्या. मी पाहिलंय, पत्र वडिलांच्या नावे जातं आणि उत्तर मुलीकडून येतं, सोबत बुटांच्या खोक्यातले फोटो.

९. डॅशबोर्डवर वेग कोरलेली धातूची छोटी पट्टी आहे. ती खरी का?

ती बहुधा टायमिंग टॅग असते. तळ्यावर किंवा युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर (तिथला पहिला स्पीड वीक, म्हणजे वेगाच्या शर्यतींचा आठवडा, १९४९ चा) गाडीचा वेग मोजला की अशी पट्टी मिळायची. तिच्यावर संघटना, तारीख, वेग, कधी चालकाचं नाव असतं. शर्यतीचे निकाल छापले जायचे, त्यामुळे पडताळा घेता येतो.

एक खूण लक्षात ठेवा. युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एससीटीए उघड्या रोडस्टरनाच घ्यायची, बंद टपाच्या कूपे गाड्या रसेटा टायमिंग असोसिएशनकडे जायच्या. १९४७ ची एससीटीएची पट्टी कूपेवर दिसली तर ती दुसऱ्या गाडीची असण्याची शक्यता फार मोठी. जुन्या पट्ट्या आणि क्लबांच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या पाट्या बाजारात सर्रास विकल्या जातात, नव्याने बनवल्याही जातात. पट्टी डॅशबोर्डला किती वर्षं चिकटलेली आहे ते स्क्रू काढून बघा. खालचा रंग वेगळा, उन्हाने न विटलेला निघाला पाहिजे.

१०. पार्ट्सवरून गाडी कधी बांधली हे ठरवता येतं का?

पार्ट 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतो. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले, म्हणून १९३२ च्या गाडीला ते दिसले तर ते काम १९३९ च्या आधीचं नाही. '५९' खूण असलेला फ्लॅटहेड (फोर्डच्या जुन्या व्ही-८ इंजिनाचा) ब्लॉक युद्धानंतरच्या १९४६ ते १९४८ च्या गाड्यांत येतो, '८बीए' खुणेचा १९४९ ते १९५३ चा. शेवरलेचं छोटं व्ही-८ निघालं १९५५ मध्ये, आणि त्यानंतर काही वर्षांतच हॉट रॉडवाल्यांनी फ्लॅटहेडला रामराम ठोकला. शेवरलेच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते: ए ते एल हे महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. तो ५ असेल तर १९५५ की १९६५ हा घोळ ब्लॉकच्या नंबरावरून सोडवावा लागतो.

पण इंजिन शनिवारी बदलतं, रविवारी गाडी धावते. म्हणून मी इंजिनापेक्षा भोकांवर भरवसा ठेवतो. फायरवॉलसमोर (इंजिन आणि चालक यांच्यामधला पत्रा) टॉर्च घेऊन बसा. भरलेली, न भरलेली, अर्धवट वेल्ड केलेली भोकं दिसतील. इथे हीटर होता, इथे तीन कार्ब्युरेटरच्या दांडीची वाट होती, इथे व्होल्टेज रेग्युलेटर. चॅसीवर इंजिन माउंटच्या कापलेल्या खुणा असतात, एकावर एक. प्रत्येक खुणेचं माप घेऊन कागदावर चित्र काढा. जुन्या फोटोतलं इंजिन कुठलं, याचं उत्तर पुष्कळदा या चित्रातून मिळतं. एका गाडीत ब्रेकच्या पेडलची फट दोनदा रुंद केलेली मी पाहिली आहे. दुसरी फट गॅसने कापलेली, कडा वितळून गोठलेल्या. पहिलं काम नीटस हाताचं आणि दुसरं घाईचं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

११. आधी रंग काढून पत्रा उघडा करू का?

नका करू. सगळ्यात जास्त पुरावा रंगातच असतो आणि उत्साहाच्या भरात सगळ्यात आधी तोच धुऊन जातो.

दाराची आतली कड, डॅशबोर्डची खालची बाजू किंवा डिकीच्या झाकणाची आतली बाजू अशी झाकली जाणारी जागा निवडा. बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल हलक्या हाताने घासा, मास्क लावून, कारण जुन्या रंगात शिसं असतं. हळूहळू कांद्याच्या चकतीसारखी कडी उघडतात: वरचा लाल, राखाडी प्रायमर, मरून, पुन्हा प्रायमर, तळाला कारखान्याचा रंग. शेजारी मोजपट्टी ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. मधे प्रायमरचा जाड, मळका थर असेल तर गाडी बरीच वर्षं प्रायमरवरच फिरली असं समजा. पैसे संपले की असंच व्हायचं.

पत्र्याचंही तसंच. टप कापून खाली घेतलेला असेल तर जोड शिशाने भरलाय की प्लास्टिकच्या लांबीने, ते पाहा. लांबी पन्नासच्या दशकाच्या मध्यानंतर पसरली. सीटचं कापड उसवताना आत काय भरलंय तेही ठेवून द्या. त्या काळी कॅलिफोर्नियातली पोरं स्वस्त कुशनकामासाठी सीमेपलीकडे तिहुआनाला जायची.

१२. 'ही गाडी मासिकात आली होती' असं विकणारा म्हणतो. कसं तपासू?

अंक मागा. 'कुठल्या तरी अंकात' हे उत्तर नाही. हॉट रॉड मासिक जानेवारी १९४८ पासूनचं, रॉड अँड कस्टम १९५३ पासूनचं. पेनसिल्व्हेनियात हर्शी गावी एएसीए या जुन्या गाड्यांच्या क्लबचं मोटारविषयक ग्रंथालय आहे, जुने अंक तिथे विचारता येतात.

अंक मिळाला की रंग, चाकं आणि इंजिन विसरा, ते बदलतात. न बदलणारं बघा: बॉनेटवरच्या फटी किती आणि कुठे, बिजागऱ्या दिसतात की लपवलेल्या, विंडशिल्ड किती कललेली, डॅशबोर्डवर मीटरची भोकं कशी. बॉब मॅकगीची १९३२ ची रोडस्टर ऑक्टोबर १९४८ च्या हॉट रॉडच्या मुखपृष्ठावर होती. दारांच्या लपवलेल्या बिजागऱ्या ही तिची एक खूण. पुढे ती डिक स्क्रिचफिल्डकडे गेली, रूप बदलून बॉनव्हिलला धावली आणि ब्रूस मायरने तिला परत १९४८ च्या रूपात आणलं. एकाच गाडीचे इतके अवतार होतात, म्हणून 'फोटोसारखी दिसत नाही' एवढ्यावरून दावा फेटाळू नका, आणि 'हुबेहूब दिसते' एवढ्यावरून मानूही नका. हुबेहूब तर नक्कलच दिसते.

१३. प्रसिद्ध गाडी असल्याचा दावा खरा मानायला काय लागतं?

हातोहात साखळी: कुणाकडून कुणाकडे, कधी, आणि प्रत्येक कडीला कागद, फोटो किंवा साक्षीदार. बॅरिस बंधूंनी १९५२ मध्ये बॉब हिरोहाटासाठी केलेली १९५१ ची मर्क्युरी (ती हॉट रॉडपेक्षा कस्टम, म्हणजे वेगापेक्षा रूपासाठी बदललेली, पण शोधाची रीत तीच) १९५९ मध्ये जिम मॅकनील या पोराने ५०० डॉलरला घेतली आणि जन्मभर सांभाळली. मधे तुटलेली कडीच नाही. २०२२ च्या लिलावात ती २० लाख डॉलरच्या वर गेली. अशा आकड्यांमुळेच खोट्या कहाण्या पिकतात. साखळीत पंचवीस वर्षांची फट असेल आणि तिथे 'कोठारात पडून होती' एवढंच असेल, तर कहाणीचे पैसे देऊ नका, पत्र्याचे द्या.

१४. माझ्याकडे बॉडी आहे, दुसऱ्या कुणाकडे चॅसी. खरी गाडी कुणाची?

हा वाद सुटत नाही, मिटवावा लागतो. १९५० मध्ये ओकलंडच्या रोडस्टर शोमध्ये 'अमेरिकेतली सर्वांत सुंदर रोडस्टर' हा किताब पहिल्यांदा दिला गेला. तो जिंकणाऱ्या बिल नीकॅम्पच्या गाडीत १९२९ च्या फोर्डची बॉडी एसेक्सच्या चॅसीपट्ट्यांवर बसवलेली होती. म्हणजे चॅसी नंबर हीच ओळख मानली तर ती फोर्ड उरतच नाही. कायदा नंबराच्या बाजूने बोलेल, लोकांच्या आठवणी बॉडीच्या बाजूने. माझं मत: बांधणाऱ्याच्या हाताचं काम ज्या तुकड्यात जास्त, तो तुकडा जड. दोघांनी एकमेकांचे पुरावे बघितलेले बरे. शक्य असेल तर एकाने दुसऱ्याला विकावं.

१५. बॉडी मूळची आहे की नव्याने बनवलेली?

लोहचुंबक चिकटला नाही तर फायबरग्लास. चिकटला म्हणून मूळची ठरत नाही, कारण १९३२ च्या पोलादी बॉड्या आणि चॅसीच्या पट्ट्या आजही नव्या बनतात. जुन्या पत्र्यात आतल्या बाजूला गंजाचे खड्डे, ठोकाठोकी आणि जुनी भोकं असतात (दहावा प्रश्न पाहा). नव्वद वर्षांच्या पत्र्यावर एकही जखम नसेल तर संशय घ्या.

१६. भारतात परतताना नेता येईल का? व्हिंटेज म्हणून नोंद होईल का?

व्हिंटेज म्हणून अवघड. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी तर हवीच, शिवाय मूळ रूपातही हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. हॉट रॉड म्हणजे नेमका तोच फेरफार. आयातीचे नियम आणि जकात हा वेगळाच विषय. कस्टम्सच्या कामातल्या एजंटला विचारल्याशिवाय कंटेनर ठरवू नका.

१७. सापडलेली माहिती ठेवायची कशी?

एक वही किंवा फाइल करा. प्रत्येक नोंदीपुढे ते कुणी सांगितलं, कधी सांगितलं आणि त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, हे लिहा. पाहिलेलं आणि ऐकलेलं एकत्र कालवलं की पाच वर्षांनी तुम्हालाच ते वेगळं करता येत नाही. मूळ फोटो घरच्यांना परत करा, स्कॅन तुमच्याकडे ठेवा आणि फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा. रेकॉर्ड केलेल्या मुलाखती अमेरिकन हॉट रॉड फाउंडेशनसारख्या संस्थेला विचारून देता येतात. हयात माणसांचे पत्ते आणि फोन मात्र त्या प्रतीतून काढून टाका. गाडी विकलीत तर फाइल गाडीबरोबर द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.